सत्याप्पाच्या कापशी चपला

१

पिशवी मीच उघडली, म्हणून पहिला संशय माझ्यावर आला तर त्यात कुणाची चूक नाही.

पाटणा, मुंबई, मिरज अशा गाड्या बदलत आम्ही चौघे सकाळी बेळगावात उतरलो आणि थेट वडगावातल्या माझ्या घरी आलो. दुपारच्या बसनं निपाणीला जायचं, बायडावहिनींच्या हातात सत्याप्पाच्या चपला द्यायच्या आणि मग आपापल्या घरी जाऊन पाय पसरायचे, असा बेत होता. इतक्या प्रवासात चपला दाबल्या-वाकल्या तर नाहीत ना, हे बघायला मी लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं गाठोडं सोडलं.

आत चपला होत्या. सत्याप्पाच्या मात्र नव्हत्या. टायर कापून केलेले तळ, एक पट्टा सुतळीनं बांधलेला, टाचेशी झिजून आरपार भोक पडलेलं. कुठल्यातरी परक्या माणसानं वर्षानुवर्षं वापरून टाकलेला जोड होता तो.

"अरं ह्ये काय?" भावकू ओरडला. जयानं तोंडाला पदर लावला. मायाप्पानं एक चप्पल उचलली, उलटी केली, नाकाशी नेली आणि पुन्हा खाली ठेवली.

"वहिनीला काय तोंड दाखवायचं रं आता?" मी म्हणालो.

"बस साडेतीनची हाय," मायाप्पा म्हणाला. "तवर शोधून काढतो. आणि जोतिबा, चोर ह्या खोलीतच हाय."

२

थोडं मागचं सांगायला हवं.

सत्तावन्न साली आम्ही पाचजण बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात एका बाकावर आलो. मी बेळगुंदीचा जोतिबा, आता मुख्याध्यापक. भावकू मच्छ्याचा, त्यानं मास्तरकी सोडून कारखान्याच्या कँटीनचं कंत्राट घेतलं आणि आमच्यापेक्षा चांगलं जेवला. जयाबाई कणकुंबीची, शहापुरातल्या मुलींच्या शाळेत मोठ्या बाई, लग्न न केलेली. मायाप्पा निपाणीचा, आई तंबाखूच्या वखारीत राबायची, हा सनद काढून वकील झाला. आणि पाचवा सत्याप्पा, मायाप्पाच्याच गल्लीतला, त्याचीही आई त्याच वखारीत. दोघांनी एकाच दिवशी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती.

आदल्याच वर्षी राज्यांच्या हद्दी बदलल्या होत्या. सत्याप्पा म्हणायचा, "झोपलो मुंबई राज्यात, उठलो म्हैसूर राज्यात. गड्यांनो, एकदा जागेपणी शीव वलांडू या. शनिवार-रविवार जाऊ परदेशात, सोमवारी येऊन शाळा घेऊ." दर भेटीत हेच. आम्ही हसायचो, पुढच्या दिवाळीवर ढकलायचो. असं करत पंचवीस वर्षं गेली. शेवटी ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात खरंच ठरलं: काठमांडू. परदेश, पण पासपोर्ट न लागणारा; पाटण्यापर्यंत रेल्वे, पुढं विमान. येण्याजाण्यात आठवडा मोडणार होता, पण मुक्काम मात्र शनिवार-रविवारचा, हा सत्याप्पाचा हट्ट. त्यानं लगोलग भरमू चर्मकाराकडं पायाचं माप देऊन कापशी चपला, त्या करकर वाजणाऱ्या कोल्हापुरी घाटाच्या, करायला टाकल्या.

पावसाळ्यात सत्याप्पाचं हृदय बंद पडलं. चपला तयार होऊन घरी आल्या त्या त्यानंतर.

तरी आम्ही चौघे निघालो, तेव्हा त्या आमच्या हातात देताना त्याची बायको, बायडावहिनी, म्हणाल्या होत्या, "ह्येंचं पाय तिकडं लागलं न्हाईत. ह्या तरी तिकडच्या मातीवर टेकवा. पर परत आणा बरं का भावजी. मला दारात ठिवायच्या हाईत." त्या बाईनं आमच्याकडं आयुष्यात एवढी एकच गोष्ट मागितली होती.

आणि रविवारी सकाळी आम्ही ते केलंही होतं. स्वयंभूच्या स्तूपापाशी दगडी फरशीवर त्या नव्याकोऱ्या चपला ठेवल्या. मायाप्पानं त्रिशरण म्हटलं. आम्ही चौघे बाजूला उभे राहिलो, मधली एक जागा मोकळी सोडून. दुपारी हॉटेलात परतल्यावर मी स्वतः गाठोडं बांधलं आणि पिशवीत घालून माझ्या खाटेखाली सारलं. संध्याकाळी मी खोली सोडली नाही, आणि सोमवारी पहाटेपासून ती पिशवी माझ्या मांडीवरून हलली नव्हती.

म्हणजे जे घडलं ते रविवारी दुपारी, आम्ही चौघे चार ठिकाणी असताना.

३

मायाप्पानं माझ्याच व्हरांड्यात, माझ्याच आरामखुर्चीत बसून आमची एकेकाची उलटतपासणी घेतली. माझ्या बायकोनं चहा दिला तोही त्यानं साक्षीदारासमोर बसून प्यायचा तसा, डोळे न हलवता प्याला.

पहिला नंबर माझा लागला.

"दुपारी तू कुठं हुतास?"

"खोलीत. पोट बिघडलंतं."

"जागा हुतास?"

"पडलोतो जरा."

"घोरत हुतास," मायाप्पा म्हणाला. "मी बौद्धनाथाच्या स्तूपाकडं निघालो तवा जिन्यापत्तर ऐकू येत हुतं. दाराला कडी?"

कडी नव्हती. सत्याप्पाच्या ठेवीची राखण माझ्याकडं होती आणि मी दार उघडं टाकून घोरत होतो, हे ऐकताना मला माझीच चीड आली.

मग भावकू आला. खरं सांगायचं तर माझा सगळा संशय त्याच्यावर होता. आमच्या हॉटेलात एक लांब केसांचा, गळ्यात माळा घातलेला गोरा उतरला होता. शनिवारी संध्याकाळी त्याला चपला दिसल्या आणि तो खुळ्यासारखा मागेच लागला. त्याच्याशी मोडक्या इंग्रजीत गप्पा मारत बसला होता तो भावकूच. आणि शनिवारी खिसे झटकून दाखवणारा हा माणूस रविवारी संध्याकाळी जपानी टेपरेकॉर्डर काखेत मारून आला होता.

"टेपरेकॉर्डर कशावर घेतलास?" मायाप्पानं विचारलं.

"माज्या पैशावर. दुसऱ्याच्या का?"

"कवा घेतलास?"

"रविवारी. शनिवारी कुठलं मिळायला? मी आणि जोतिबा अख्खा बाजार हिंडून आलो, समदं बंद. त्या गावात सुट्टी शनिवारची! रविवारी बघतोस तर दुकानं काय, कचेऱ्या काय, सगळं उघडं. पोरं दप्तर घिऊन शाळेला. मला तर चुकल्यासारखंच व्हायला लागलं."

"किती वाजलं भावकू?"

भावकूनं मनगट वर केलं आणि तसंच खाली नेलं. मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा पांढरा डाग होता, घड्याळ नव्हतं. मिरजेपासून तो मला वेळ का विचारत होता ते मला तेव्हा कळलं.

"सासऱ्यानं दिल्यालं," तो पुटपुटला. "बायकूला सांगू नगा. त्या गोऱ्याला घड्याळ इकलं. चपला न्हाय रं मायाप्पा! सत्याप्पाच्या चपला मी इकंन व्हय?" आणि एवढा मोठा कंत्राटदार माझ्या व्हरांड्यात डोळे पुसायला लागला.

जया शेवटी आली. तिच्यावर कुणाचा संशयच नव्हता, त्यामुळं मायाप्पानंही खुर्ची सोडून तिला बसायला दिली.

"मी पोस्टात गेलते," ती म्हणाली. "शाळेतल्या बायांना चार कार्डं टाकायची हुती. रविवार, पोस्ट बंद. मग तशीच हिंडत परत आले. शनिवारी विमानानं माजं डोकं गरगरत हुतं, बाहेर पडलेच नव्हते. म्हटलं, गाव तरी बघावं."

"कुणी भेटलं वाटंत?"

"परक्या गावात कोण भेटणार?"

मायाप्पा माझ्याकडं वळला. मग म्हणाला, "समद्यांना आत बोलाव जोतिबा. दार लोटून घे."

४

त्या फाटक्या चपला मधल्या खोलीत फरशीवर ठेवल्या होत्या. मायाप्पा त्यांच्यापाशी उकिडवा बसला.

"चोरी करणारा माणूस वस्तू नेतो," तो म्हणाला, "बदल्यात काय ठेवून जात न्हाय. ह्या चपला कुणाच्या तरी पायात हुत्या. त्यानं त्या काढल्या, म्हंजी त्याच जाग्यावर दुसऱ्या घातल्या. त्यामुळं ही चोरी न्हवं, ह्ये देणं हाय. समोरच्या माणसाचं पाय बघून दिल्यालं."

"गोऱ्यानं—" मी सुरुवात केली.

"गोऱ्याच्या पायात बूट हुतं. आणि गोऱ्याला इकल्या असत्या तर त्येनं आपलं जुनं पायताण कशाला दिलं असतं, आणि आपल्या माणसानं ते कशाला घेतलं असतं? त्याच्याबी फुडं बघ. ह्या चपला धुतल्यात. टायरच्या घळीत मातीचा कण न्हाय. साबण लावून, काडीनं कोरून धुतल्यात. वास घे. मग वहिनीच्या लुगड्याच्या तुकड्यात बांधल्या. ज्यानं दिल्या त्याला ह्या परक्या चपला टाकवल्या न्हाईत आणि त्या कापडात घाणबी घालवली न्हाय." त्यानं भावकूकडं बघितलं. "भावकू असता तर? ह्यो जेवल्यालं ताट उचलत न्हाय."

भावकूला हा अपमान आहे की सुटका, ते कळेना.

"जोतिबा तर पडल्या जागंवरनं हलला न्हवता. आणि हलला असता तर कबूल करून मोकळा झाला असता, त्येला पोटात काय ठेवता येत न्हाय. राहिलो मी आणि जया." मायाप्पा उठला. जयाकडं न बघता तो बोलत होता. "परक्या गावात बी माणूस आपल्याच गावचं खोटं बोलतो. पंचवीस वर्षं शाळा केल्यावर रविवार म्हंजी कुलूप, ह्ये हाडात मुरतंय. शनिवारी तू खोलीत हुतीस, बंद बाजार तू बघितला न्हाईस. आणि रविवारी पोस्टाच्या दारात गेली असतीस तर पोस्ट उघडं दिसलं असतं, जया. मी बौद्धनाथाहून येताना त्याच पोस्टात तिकिटं घेतली."

मला वाटलं ती रागावेल, मायाप्पाला झापेल. मोठ्या बाईंचा आवाज आम्ही ऐकलेला होता.

"व्हय," जया म्हणाली. "मीच दिल्या."

५

"मी द्यायला म्हणून न्हेल्या न्हवत्या," ती सांगत होती. "तुजं घोरणं ऐकू आलं जोतिबा, दार उघडं हुतं. मी गाठोडं उचललं. मला नुसतं चालायचं हुतं."

"चालायचं?" भावकूनं विचारलं.

"त्याच्यासंगं." तिनं मान वर केली. "कॉलेजात असताना चन्नम्माच्या चौकातनं स्टेशनापत्तर एकत्र चालायची सोय हुती का आम्हांला? मी पाटलाची लेक, आणि त्यो वखारीतल्या बाईचा ल्योक. तो फुडं, मी मागं, मधी तुम्ही तिघं. त्यो परदेश-परदेश का करायचा तुम्हांला वाटतंय? एकदा मला म्हणालाता, जिथं आपल्याला कुणी वळखत न्हाय अशा गावात एक दिवस मिळाला तरी बास. तेवढंच बोलला. नंतर त्याचं लग्न झालं, बायडा चांगली बाई, मी कधी काय बोलले न्हाय. पर त्या रविवारी मी गाठोडं काखेत धरलं आणि सगळा बाजार चालले. मला कुणी वळखलं न्हाय."

आम्ही तिघे पंचवीस वर्षं त्यांच्या मधून चाललो होतो आणि आम्हांला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. दुसऱ्याच्या पोरांच्या चिठ्ठ्या पकडणारे आम्ही मास्तर! मला तिच्याकडं बघवेना.

"नदीच्या घाटावर बसले. तिथं एक हमाल आला. पाठीवर लाकडी कपाट, कपाळाला पट्टा. ओझं टेकवून बसला आणि चपला काढून टाच बघायला लागला. सोलून रक्त आलतं. आमच्या गावात माणूस गेला की त्याच्या नावानं चपला, छत्री, काठी चालत्या माणसाला देतात. वाटंत त्याचं पाय भाजू नयेत म्हणून. सत्याप्पाच्या नावानं कुणी दिल्या न्हवत्या. मला रोज रातीला तेच दिसायचं, त्यो अनवाणी चाललाय."

"जया!" मायाप्पाचा आवाज चढला. "त्यो दीक्षा घेतल्याला माणूस. असलं काय मानू नगं म्हणून जलमभर सांगत हिंडला. आणि त्येच्या माघारी तू तुमचा विधी त्येच्या गळ्यात घातलास? वहिनीला इचारलंस?"

"न्हाय इचारलं. चुकलं माजं. त्यो मानत न्हवता, मला ठाव हाय. मी मानते, त्याला काय करू?"

मायाप्पा खिडकीशी जाऊन उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "विमानतळावर पिशवी चोरीला गेली म्हणू. वहिनी इश्वास ठिवंल. तुजं नाव नगं त्यात."

"मी सांगणार," जया म्हणाली आणि त्या फाटक्या चपला पुन्हा लुगड्याच्या तुकड्यात बांधायला लागली.

६

संकेश्वरला बस थांबली तशी भावकूनं चौघांसाठी भजी आणली, ती तशीच गार झाली.

बायडावहिनी दारातच उभ्या होत्या. उंबऱ्याच्या आत, डाव्या हाताला, त्यांनी जागा सारवून ठेवली होती. आम्ही बसलो, पाणी प्यालो. मायाप्पानं दोनदा घसा खाकरला, पण जयानं त्याला बोलू दिलं नाही. तिनं गाठोडं वहिनींच्या पुढ्यात ठेवलं आणि स्वतःच सोडलं.

वहिनींनी त्या चपलांकडं बघितलं. मग आमच्या तोंडांकडं बघितलं.

जयानं सगळं सांगितलं. गाठोडं काखेत घेऊन चालल्याचंही सांगितलं. एक शब्द गाळला नाही की मऊ केला नाही. ऐकताना वहिनींचा हात मांडीवर होता, तो तसाच राहिला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली सत्याप्पाचा. त्याच्याकडं बघायची आमची कुणाची हिंमत झाली नाही.

"मी असलं काय मानत न्हाय," शेवटी वहिनी म्हणाल्या. "चपला देऊन मेल्यालं माणूस चालत न्हाय. ह्येंनी ऐकलं असतं तर तुला चांगलं धरून झाडलं असतं."

"व्हय," जया म्हणाली.

"मला त्या पायजे हुत्या. दारात."

"ठाव हाय."

वहिनींनी ती भोक पडलेली चप्पल हातात घेतली. भोकात बोट घातलं. "रक्त आलतं म्हंतीस?"

"टाच सगळी सोलली हुती."

"मग ह्येंनी दिल्याच असत्या," वहिनी म्हणाल्या. "रस्त्यातच काढून दिल्या असत्या आणि अनवाणी घरी आलं असतं. मी भांडले असते." त्यांचा आवाज तिथं मोडला. मायाप्पानं मान खाली घातली.

मग त्या सावरून बसल्या. "माप बसलं त्येला?"

"थोड्या मोठ्या झाल्या. त्यानं अंगठ्यात गच्च धरल्या."

"मग?"

"मग कपाट पाठीवर घेतलं आणि उठला. नव्या चपला, करकर वाजायला लागल्या. आजूबाजूची माणसं बघत हुती. त्याला हसू येत हुतं."

"कुठवर ऐकू आल्या?"

"गल्लीच्या वळणापत्तर."

"तू उभीच?"

"मी उभीच."

"त्यानं मागं वळून बघितलं?"

"न्हाय."

"ह्येंनी बी कधी बघितलं न्हाय," बायडावहिनी म्हणाल्या. "सकाळी शाळेला निघायचं, मी हितं दारात. एवढ्या वर्सांत एकदा मागं बघतील तर शपथ." त्यांनी जयाकडं बघितलं. "तुज्याकडं?"

जयाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं. तिनं ते पुसलं नाही.

"माज्याकडं बी न्हाय," ती म्हणाली.

वहिनींनी हात लांब करून तिला आपल्या चटईवर ओढून घेतलं. आम्ही तिघे तिथं आहोत हे त्या दोघी विसरल्या होत्या. मायाप्पानं मला खूण केली, तसे आम्ही हळूच उठलो. बाहेर पायरीवर येऊन बसलो तरी वहिनींचा आवाज ऐकू येत होता.

"आता परत सांग," त्या म्हणत होत्या. "घाटापासनं. आणि सावकाश सांग, त्येला वळणावर लई लवकर न्हेऊ नगं."